उपाशी बाक

६ मार्च

दादा,

मायना काय लिहावा ह्यात माझी जेवणाची अर्धी सुट्टी गेली. आधी "प्रिय" लिहिलं आणि खोडलं. अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघता प्रिय म्हणजे थट्टाच. आई गेली त्या वेळी तू पायरीवर उभा राहिलास, आत आला नाहीस, आणि त्यावरून मी चार माणसांसमोर तुला जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. तुझ्याही असेलच. तेव्हा नुसतं दादा.

पत्ता मावशीने दिला. फोन नंबर कुणाला द्यायचा नाही असं तू तिला बजावलंयस म्हणे. तिने ते इमानाने पाळलं. पत्त्याबद्दल तू काही बोलला नव्हतास, म्हणून पत्ता दिला. मावशी वकील व्हायची राहिली.

मी अजून तिथेच आहे, त्याच काचघरात. बाबा माळी म्हणून रिटायर झाले त्याच्या पुढच्या महिन्यात मी मदतनीस म्हणून लागले, त्याला वीस वर्षं झाली. त्यांचा जुना खिळा अजून दाराजवळ आहे. त्याला ते टोपी अडकवायचे, मी डबा अडकवते. प्रगती म्हणायची ती एवढीच.

सध्या आमच्याकडे बटाट्याचे दोन बाक आहेत. चोवीस कुंड्या, आत नुसती धुतलेली वाळू, मातीचा कण नाही. म्हणजे आम्ही पाण्यातून देऊ तेवढंच त्यांच्या पोटात जाणार. डाव्या बाकाला सगळं मिळतं. उजव्यालाही सगळं मिळतं, फक्त नत्र दहावा हिस्सा. मी त्यांना पोटभर बाक आणि उपाशी बाक म्हणते. प्रयोग ज्यांचा आहे त्या आमच्या बाई आधी रागवायच्या, शास्त्रात असं बोलत नाहीत म्हणायच्या. आता त्याही तेच म्हणतात.

आता कामाचं. बाई मे महिन्यापासून दोन वर्षांसाठी डोंगरावरच्या संशोधन केंद्रात चालल्यात. हाच प्रयोग तिथे उघड्या वावरात करायचाय. त्यांना बरोबर एक माणूस नेता येतो आणि त्यांनी मला विचारलंय. दया येऊन नाही हं. "तुझी मोजमापं चुकत नाहीत," म्हणाल्या. हा प्रयोग नीट पार पडला आणि मी वीस एप्रिलपर्यंत हो म्हटलं, तर जागा माझी. तिथे राहायला एक खोली आहे, तिला दोन खिडक्या आहेत. खिडक्या मी मुद्दाम विचारून घेतल्या.

मला जायचंय दादा. हे मी अजून कुणापुढे मोठ्याने म्हटलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितेय. एक्केचाळीस वर्षांची झाले आणि ह्या गावाबाहेर सलग तीन दिवस राहिले नाही.

त्यासाठी तू दोन वर्षं बाबांजवळ राहायला हवंस. तुझं ते कपाटं बनवायचं काम कुठेही होतं असं मावशी म्हणते. बाबा बरे आहेत. थोडं विसरतात, वयाचं आहे. त्रास काही नाही.

उत्तर दे.

तुझी,
बुटकी

(आता मी तुझ्यापेक्षा चार बोटंच कमी आहे. पण सही दुसरी कुठली करणार.)


१९ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "जमणार नाही. काळजी घे." मोजून चार शब्द. एवढ्यासाठी तिकीट वाया घालवायची काय गरज होती? गप्प बसला असतास तरी मला हेच कळलं असतं, वर दोन दिवस आशा तरी टिकली असती.

राग येऊन कार्ड फाडलं. मग तुकडे जुळवले, कारण मागे पत्त्याखाली तू छोट्या अक्षरात काही लिहिलंयस की काय बघायचं होतं. लिहिलं नव्हतंस.

ठीक आहे. तू खरं लिहिलंस, मीही लिहिते. बाबा बरे आहेत हे खोटं होतं.

मागच्या वर्षी त्यांनी गॅसवर भांडं ठेवलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसले. भांडं काळं ठिक्कर पडलं, पडद्याची कड जळली. त्यानंतर एके दिवशी मी कामावर असताना घराबाहेर पडले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात माझी. सगळीकडे शोधलं आणि शेवटी सापडले कुठे, तर आमच्या फाटकात. तो रस्ता पायांना पाठ आहे. वॉचमनने जुना माणूस म्हणून सलाम ठोकून आत सोडलं होतं आणि हे कुंड्या पुसत बसले होते.

तेव्हापासून मी त्यांना रोज बरोबर आणते. परवानगी नाही. बाई दुपारपर्यंत वरच्या प्रयोगशाळेत असतात, नंतर खाली आल्या तरी कोठीत डोकावत नाहीत, त्यांना माहीत नाही. वॉचमन कानाडोळा करतो. काचघराला लागून कोठीची खोली आहे, तिथे वाळूची पोती, रिकाम्या कुंड्या आणि झाऱ्या असतात. बाबा तिथे पालथ्या खोक्यावर बसून कुंड्या घासतात. घासून झाल्या की मी त्याच परत थोड्या मळवून देते. हसू नकोस. दिवस जातो त्यांचा.

आणि माझा दिवस विचारशील तर ऐक. सकाळी सहाला त्यांना उठवायचं, दाढी करायची, बटणं लावायची. पावणेआठला इथे. संध्याकाळी सहाला घर. मग दार आतून लावून किल्ली माझ्या परकराच्या खिशात. त्यांना बाहेर जाता येत नाही आणि त्यांच्यामुळे मलाही. दोन खोल्यांमध्ये आम्ही दोघं एकमेकांवर पहारा देत बसतो आणि दर अर्ध्या तासाने ते मला विचारतात, पोरगा जेवला का. मी म्हणते जेवला. एकदा चिडून म्हटलं, मला काय माहीत, मला काय पत्र पाठवतो तो? तर ताट बाजूला सारून बसले. आता न चुकता जेवला म्हणते.

इथलं मात्र चांगलं चाललंय. उपाशी बाक बघण्यासारखा झालाय. झाडं वीतभर, पोटभर बाकावरची माझ्या कमरेला लागतायत. उपाशी झाडाची खालची पानं आधी पिवळी पडतात, कारण असेल नसेल ते सगळं ती वरच्या कोवळ्या पानांना देऊन टाकतात. हे बाईंनी सांगितलं तेव्हा मला आई आठवली. पण गंमत पुढेच आहे. अशा भुकेल्या झाडाचं पान तोडून उकळायचं, मग गरम स्पिरिटमध्ये ठेवून त्याचा हिरवा रंग काढायचा, आणि त्या पांढुरक्या पानावर आयोडीन टाकायचं. स्टार्च असला की पान काळंनिळं होतं. उपाशी पानं काळीशार होतात. पोटभर पानं जेमतेम. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाईंना म्हटलं, काहीतरी उलटं झालंय, उपाशी झाडात साठा कसा जास्त?

त्या म्हणाल्या, ऊन सगळ्यांना सारखं आहे, साखर दोघंही करतात. पोटभर झाड ती साखर वापरून नवी पानं, नवे फांदे काढतं. उपाशी झाडाला वाढायचं असतं, पण त्याला लागणारं नत्रच नाही, म्हणून साखर पडून राहते आणि तिचा स्टार्च होतो. "हा साठा म्हणजे न झालेली वाढ आहे," असं म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहायला लागल्या. त्यांच्यासाठी ते रोजचं वाक्य. मी ते घरी घेऊन गेले आणि भांडी घासताना पुरतं रडून घेतलं.

वीस एप्रिल. विसरू नकोस.

बुटकी


३० मार्च

दादा,

ह्या वेळी तू काहीच पाठवलं नाहीस. आता वाटतं, ते चार शब्द बरे होते.

तरी लिहितेय. कारण जे झालंय ते मी ह्या जगात दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, आणि सांगितलं नाही तर माझ्या पोटात मावणार नाही.

दहा दिवसांपूर्वी उपाशी बाकावरच्या पाच पानांना आयोडीन लागेना. काळी व्हायच्या ऐवजी नुसती मातकट झाली. बाई म्हणाल्या बाटली जुनी असेल. बाटली बदलली, तरी तेच. मग कुंड्या बघितल्या. एक ते पाच, कोठीच्या दाराजवळच्या. त्यांची पिवळी छटा गेली होती, शेंड्याला तकतकीत हिरवी पानं. बाकीच्या सात तशाच फिकट. कुणीतरी ह्या पाचांना खायला घालत होतं.

मी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला. झारी बदलली का, खुणेची चिठ्ठी पडली का. दोन दिवस सगळं तपासलं. मग वास आला. आता तुला कसं सांगू. एसटी स्टँडच्या मागे येतो तो वास, अगदी हलका.

दुसऱ्या दिवशी बाई वर गेल्यावर मी पोटभर बाकाच्या आड बसले. आमच्या पिताश्रींनी कोठीतून डोकं बाहेर काढलं, दोन्हीकडे बघितलं आणि परत आत गेले. पोत्यांमागे जरा वेळ. मग हातात टमरेल घेऊन नळाशी आले. काय भरून आणलं होतं ते लिहायला नको. झारीत एक टमरेल ते ओतलं आणि मोजून दहा टमरेल पाणी. काडीने ढवळलं. आणि मग पाचही कुंड्यांना, पानाला थेंब लागू न देता, अगदी मुळाशी, गोल फिरवत घातलं. बटण लावता येत नाही त्या माणसाला. पण एकास दहा चुकलं नाही, हात थरथरला नाही. जुन्या माळ्यांचं नत्र ते हेच. माझ्या सगळ्या प्रयोगाची वाट लागत होती आणि मी बाकाआड बसून त्यांच्या हाताकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

मग उठून विचारलं, बाबा हे काय. दचकले नाहीत. मला ओळखलंही नाही त्या क्षणी, कुणी साहेब आलाय असं वाटलं असावं. अदबीने उभे राहिले.

म्हणाले, "ह्यांना कुणीतरी उपाशी ठेवलंय साहेब. सकाळपासून."

मी विचारलं बाकीच्या सातांना का नाही घातलं. तर म्हणाले, "दाराजवळचं आधी."

बाईंना मी काय सांगितलं? तर त्या पाचांची पानं गळून पडली, म्हणून नोंद नाही. वीस वर्षांत पहिलं खोटं. त्यांनी नुसती रकान्यात रेघ मारली. त्यांनी विश्वास ठेवला ह्याचंच जास्त लागलं.

खरं सांगितलं तर आधी बाबांचं इथे येणं बंद. ते बंद झालं की त्यांच्याजवळ मी बसायचं, म्हणजे माझी नोकरी बंद. डोंगरावरचं तर सोडूनच दे. नाही सांगितलं तर खोटा प्रयोग घेऊन वर जायचं आणि दोन वर्षं त्याच्यावर दुसरा खोटा रचायचा. ह्या बाजूला सरकले तरी भिंत, त्या बाजूला सरकले तरी भिंत.

तू आलास तर एका दमात सगळं सुटतं. हे मी रागाने लिहीत नाहीये, मोजून लिहितेय.

बुटकी


५ एप्रिल

दादा,

आज थोडंच.

बाबांचा बंदोबस्त केलाय. आता ते कुंड्यांपर्यंत येत नाहीत. पाचही कुंड्या परत फिकट व्हायला लागल्यात, वरच्या पानांपासून नाही, खालच्या पानांपासून, जसं व्हायला हवं तसं. मधले बारा दिवस झाकता येतील.

कसा बंदोबस्त ते विचारू नकोस. कोठीत उजेड आहे. पाणी ठेवते, बिस्किटं ठेवते. साडेअकराला जाऊन बघून येते.

बाई कालच म्हणाल्या, सामानाची यादी कर, डोंगरावर काही मिळत नाही. मी यादी केली. जाड मोजे लिहिले. एवढं लिहूनच जाऊन आल्यासारखं वाटलं.

बु.


११ एप्रिल

दादा,

हे पत्र लांबणार आहे आणि ह्यात मी काही झाकणार नाही. पूर्ण वाच, मग काय करायचं ते कर.

मी बाबांना कोठीत घालून बाहेरून कडी लावत होते. सकाळी आठ ते साडेअकरा, मग बारा ते पाच. दहा दिवस. तुला बंदोबस्त असा गुळमुळीत शब्द लिहिला, कारण तुला कडी हा शब्द लिहायला माझा हात धजला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा दार वाजवलं. नंतर वाजवलंच नाही. मला वाटलं सवय झाली. माणसं काय काय वाटून घेतात बघ.

काल सकाळी मी उपाशी बाकाला पाणी घालत होते. कोठीतून आवाज आला. हळू, कुणाची तरी समजूत काढावी तसा. दाराशी गेले. बाबा आतून दारावर हात फिरवत होते, वरपासून खालपर्यंत, फळीवर तळवा घासल्याचा आवाज येत होता.

"थांब रे," म्हणत होते. "उघडतो. कडी कुठल्या अंगाला आहे तेच कळेना."

मला कळायला वेळ लागला. दादा, त्यांना वाटत होतं ते बाहेर उभे आहेत. आणि आत तू आहेस.

मी हलले नाही. का हलले नाही ते पुढे सांगते. मग ते म्हणाले, "तोवर पाणी तरी घे," आणि दाराखालच्या फटीतून पाणी बाहेर आलं. मी त्यांच्यासाठी भरून ठेवलेला तांब्या ते दाराखाली ओतत होते. माझ्या चपला भिजल्या. मी तशीच उभी, आणि माझा हात कडीवर, अर्ध्या मिनिटात निघणाऱ्या कडीवर.

काढली शेवटी. ते बाहेर आले, मला बाजूला सारून मागे वळून रिकाम्या कोठीत बघितलं. विचारलं, "गेला का?" मी म्हटलं, हो बाबा, गेला. तर सुटल्यासारखं खोक्यावर बसले आणि बिस्किट मागितलं.

मी तशीच ओल्या चपलांनी वर गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. बाबा, कोठी, टमरेल, गळलेली पानं, कडी. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता वीज कोसळणार. त्यांनी विचारलं, "किती पातळ करत होते?"

एकास दहा, मी म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहिलं. मग म्हणाल्या, त्या पाच कुंड्या बाद, सातांवर प्रयोग उभा राहतो, लंगडा पण खरा. पानं गळल्याचं जे सांगितलंस ते मी विसरणार नाही, पण सांगायला स्वतः आलीस हेही विसरणार नाही. जागा अजून तुझी आहे, वीस तारखेपर्यंत. वडील मात्र उद्यापासून इथे दिसता कामा नयेत. आणि वर म्हणाल्या, घरीही त्यांना कडी लावू नकोस.

तेव्हा आता शेजारीण त्यांच्याजवळ बसते. तिची मुलगी बाळंतपणाला यायची आहे, म्हणून फक्त बावीस तारखेपर्यंत. त्यापुढे मी किंवा तू. तिसरं कुणी नाही.

आता मी का हलले नाही ते.

तू चौदाचा होतास, मी नवाची. रात्रीची काचघराची झडप तू उघडी विसरलास आणि बाबांची सहाशे रोपं गारठून मेली. बाबांनी सकाळी तुला घरातल्या अडगळीच्या खोलीत घातलं, कडी लावली, आणि कामावर जाताना मला बजावलं, उघडशील तर तुलाही आत घालीन. आई मावशीकडे होती. ते आले दिवेलागणीला. तेवढा वेळ तू आत, उपाशी, आणि मी बाहेर. आमच्या घरात ही गोष्ट शंभरदा सांगून झाली आणि प्रत्येक वेळी तूच मधे पडून म्हणालास, "ती काय करणार, तिचा हात कडीला पोचत नव्हता." आईला सांगितलंस, मावशीला सांगितलंस. घर सोडून गेलास त्या दिवशीही, बाबांशी भांडताना, माझ्याकडे बोट दाखवून हेच म्हणालास. मी तिथेच होते. मी मान हलवली.

दादा, मी मोरीतली बादली आणली होती. पालथी घातली, तिच्यावर चढले. तू आतून विचारलंस, "बुटके, पोचतोय का?"

माझा हात कडीवर होता. कडी गार होती, हे अजून आठवतं. आणि मी म्हटलं, "नाही."

मग उतरले, बादली मोरीत नेऊन ठेवली आणि दिवसभर दाराला टेकून बसले. तू आतून मला गोष्ट सांगितलीस, मी घाबरू नये म्हणून. मी ऐकत बसले. गोष्ट चांगली होती.

पोचत होता माझा हात. बत्तीस वर्षं मी हे तुझ्यापासून लपवलं. आईच्या वेळी पायरीवर तुला जे बोलले, की तुला दारं ओलांडायची भीती वाटते तर वाटू दे, आम्ही काय जन्मभर तुझ्या एका दिवसाची शिक्षा भोगायची, ते बोलणारी मी ही अशी.

हे सांगितल्यावर तू येशील असं मला वाटत नाही. न सांगता तू आला असतास तर मी डोंगरावर गेले असते, आणि तिथल्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकूनही मला सुधरलं नसतं. म्हणून लिहिलं. तुला बोलावण्यासाठी लिहिलं नाही, हे एवढं खरं मान.

एक मात्र बाबांच्या बाजूने लिहिते, मग थांबते. त्या दिवशी ते सेहेचाळीस वर्षांचे होते. तू आज सेहेचाळीसचा आहेस. त्यांना माझं नाव आठवत नाही, आईचं आठवत नाही, गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यातून रोज काहीतरी पुसलं जातंय. तेवढा एक दिवस पुसला जात नाहीये. त्या दिवशी ते दाराच्या कुठल्या बाजूला होते, तेवढंच विसरलेत.

तुझी,
बुटकी


१६ एप्रिल

बुटके,

चारपेक्षा जास्त शब्द लिहायची मला सवय नाही, चुकलं तर हसू नकोस.

त्या दाराच्या फळीची एक गाठ निखळली होती. बोटाएवढं भोक होतं, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. दिवसभर मला तेवढंच बाहेरचं दिसत होतं. बादली दिसली. बादलीवर तुझे पाय दिसले. टाचा टेकलेल्या होत्या. ज्याचा हात पोचत नाही ना, तो टाचा उचलतो.

तेव्हाच कळलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस आणि बाबांना मीसुद्धा घाबरत होतो. तू उघडलं असतंस तर दोघंही आत असतो, मग गोष्ट कोणी कोणाला सांगायची? म्हणून सगळ्यांना तसं सांगत राहिलो. पुढे तुला हे सांगायचं राहून गेलं. मग लांबच गेलो. पायरीवर तू बोललीस त्याचा राग आला होता, कारण ते खरं होतं. मी अजून खोलीचं दार लावून झोपू शकत नाही.

तुझं शेवटचं पत्र तीनदा वाचलं. दाराखालून पाणी, तिथे थांबावं लागलं.

शुक्रवारी येतो. दोन वर्षं निभेल का माहीत नाही, खोटं कबूल करत नाही. पण तू बाईंना हो सांग. निभलं नाही तर तुला नाही, मावशीला कळवीन. ती वकील आहे. बाबांना मी येतोय हे सांगू नकोस, दर अर्ध्या तासाला जेवला का विचारतील आणि मी रस्त्यात असेन.

एक काम कर. मी येण्याआधी त्या अडगळीच्या खोलीची कडी दारावरून काढून टाक, चारही स्क्रू सोडवून. मी आल्यावर काढली असती, पण ती तू काढावीस. हात पोचतो तुझा.

दादा